सलिलने न बोललेलं वाक्य

"सलिल आल्याशिवाय मी आत पाऊल टाकणार नाही." दवाखान्यातून घरी आलेल्या शुभदावहिनी कासारवाडीतल्या आपल्याच दारात अडून उभ्या राहिल्या... भाकरतुकडा ओवाळायला आलेली धाकटी जाऊ, सलिलची बायको इरा तशीच हातात भाकरी घेऊन उभी!

अहो, राग येणारच ना! सासूबाई गेल्या तेव्हा हा दीर चार वर्षांचा. आपलं मूल झालं तर याची माया वाटली जाईल, म्हणून त्या माउलीने स्वतःची कूससुद्धा रिकामी ठेवली. आणि आता त्यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला, केव्हा फुटेल नेम नाही, बारीक नळीतून जेल सोडून तो आतूनच बुजवायच्या नव्या उपचाराची चाचणी त्यांच्यावर झाली, तर त्याच जेलसाठी तळेगावच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपलेला सलिल दवाखान्यात एकदाही फिरकला नाही! कामात आहे, एवढाच निरोप. जीव वाचला, पण काळीज पार करपून गेलं होतं...

शेवटी इराला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं. वहिनींनी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कौतुकाने सांगितलं होतं, की हे औषध माझ्या लेकाचं आहे. साऱ्या जगाला त्या तसंच सांगत, सवयच ती! पण चाचणीवर काम करणाऱ्याच्या आईला चाचणीत घ्यायचं नाही, असा नियम. प्रयोगशाळेतल्या साहेबांनी सलिलला विचारलं, या तुझ्या आई का? आई नाही, वहिनी आहे, एवढं एक वाक्य बोलला असता तर सगळं निभावलं असतं. तो बोलला नाही. वहिनींची जागा राहावी म्हणून स्वतःच काम सोडून बाहेर पडला. शोधावर त्याचं नाव यायचं होतं, तेही गेलं. आता चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. वहिनींना कळलं तर त्या उपचारच घेणार नाहीत, म्हणून तोंड चुकवत राहिला...

शुभदावहिनी मटकन उंबऱ्यावर बसल्या. तेवढ्यात कंपनीच्या निळ्या शर्टात, मान खाली घालून सलिल जिना चढून आला.

"वेड्या," त्या म्हणाल्या, "तुझा सगळा जन्म होता रे त्यात. आई नाही म्हणून टाकायचंस. मला का राग आला असता?"

"तिथे खरं सांगायचं असतं, वहिनी," तो म्हणाला. "मग आई नाही असं कसं सांगू?"

त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा ढसाढसा रडला... आणि त्या आईने त्याला मनसोक्त रडू दिलं.