पाच चाळीसची गाडी

रद्दीच्या दुकानात मी गठ्ठ्यात हात घातला, तर तिथे आधीच एक हात! दोघांच्या बोटांत एकच पुस्तिका... लोकलचं चाळीस वर्षांपूर्वीचं हिवाळी वेळापत्रक. माझ्या संग्रहात नेमकं तेच नव्हतं. चार वर्षं शोधत होते.

"आधी मी धरलं," मी म्हणाले.

"धरलं मी. ओढलं तुम्ही," तो हसला. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं, आणि स्वतःचाच चष्मा नाकावरून घसरत होता. "असं करा – आठ दिवस तुम्ही ठेवा. मी लाइनीच्या शेवटच्या स्टेशनजवळ राहतो. रविवारी संध्याकाळी पाच चाळीसच्या गाडीनं इथल्या स्टेशनवर येतो."

"आणि मी आलेच नाही तर?"

"तर वेळापत्रक जाईल... पण वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटेल."

बाई गं! घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले. वहिनी म्हणाली, "रद्दीत नवरा सापडला की काय?"

"काहीतरीच तुझं!" म्हणाले खरी, पण मनात पक्कं झालं होतं – रविवारी त्याला सांगून टाकायचं.

रविवारी पाच चाळीस झाले. पावणेसहा... सहा. गाडी नाही. टांग दिली यानं! रडवेली होऊन तिकीट खिडकीवरच्या बाईंना विचारलं.

"पाच चाळीस? अहो, ती बंद होऊन वीस वर्षं झाली!"

मी कपाळावर हात मारला. या वेड्यानं जुन्या वेळापत्रकातली गाडी सांगितली, आणि मलाही शहाणीला खटकलं नाही! म्हणजे तोही तिकडे तिचीच वाट बघत असणार. कंटाळून घरी गेला तर? ना नंबर, ना पत्ता... शेवटच्या स्टेशनकडे जाणारी गाडी समोर लागली, तिच्यात मी चढलेच. थांबले असते तर कदाचित आला असता. पण धीर कुणाला होता?

मधल्या स्टेशनात समोरून दुसरी गाडी आली. खिडकीत तोच – चष्मा नाकाच्या शेंड्यावर!

"तू इकडे कुठे?" तो ओरडला.

"तुलाच शोधायला! उतर!"

"तू उतर!"

दोघंही उतरलो. दोन्ही गाड्या निघून गेल्या.

"वेळापत्रक आणलंस?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"अय्या! घरीच राहिलं. तुला भेटायच्या घाईत..." मी थांबले. मग म्हटलं, होऊन जाऊ दे. "तू आवडतोस मला."

तो लालेलाल. "मी हेच वाक्य आख्ख्या प्रवासात पाठ करत होतो – आणि तूच म्हणून टाकलंस!"

"मग म्हण की आता."

म्हणाला. तेवढ्यात गाडी आली. त्यानं माझा हात घट्ट धरला, आणि ती आम्ही जाऊ दिली. तिच्यामागच्या दोनसुद्धा.