दातांनी ऐकलेला माग

सोमवारी सुरतेच्या गोडादऱ्यातले माग बंद असतात, म्हणून धुडकू सोमवारी दुरुस्तीचं दुकान लवकर उघडायचा. इतर दिवशी गल्लीत असा खडखडाट, की शेजारच्याचं बोलणंसुद्धा ओठांवरून ओळखावं लागतं. तिथे मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कची कुरकुर कुठली ऐकू यायला? त्यात धुडकूचे कान आधीच गेलेले. सोळा वर्षं माग चालवला, त्याचं हे बक्षीस. उजवा कान ठार, डावा नावापुरता. मग तो दातांनी ऐकायचा. स्क्रूड्रायव्हरचं, म्हणजे सुरतेच्या भाषेत डिसमिसचं, टोक डिस्कवर टेकवायचं आणि त्याची लाकडी मूठ दातांत धरायची. आतली चकती नीट फिरतेय की सुई आपटतेय, सगळं जबड्यातून कळतं. बघणारे हसायचे. हसेनात का! कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या गेलेल्या आईचा आवाज, त्याने असाच तर बाहेर काढून दिला होता. पण आता त्यालाही कंटाळा आला होता. येणारा प्रत्येक जण काहीतरी हरवूनच यायचा, आणि ते ऐकून ऐकून माणूस शिणतो.

त्या सोमवारी सरलाबाई आली. भेस्तानला भंगाराच्या वखारीत माल निवडायचं काम करणारी, चाळिशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. तिने पदराखालून फडक्यात गुंडाळलेली डिस्क काढली.

"भाऊ, आमच्या यांच्या कारखान्याच्या कॅमेऱ्यातली आहे. भंगारात आली. कॅमेऱ्याच्या पेटीवर कारखान्याचं नाव होतं म्हणून ओळखली."

"यांच्या म्हणजे?"

"चिंधाच्या... माझ्या मालकांच्या." तिने नाव घेतलं आणि जीभ चावली. "आखाजीच्या सणाच्या आदल्या रात्री कामावर गेले ते आलेच नाहीत. आठ महिने झाले. शेठ म्हणतो, गेटातून चालत गेला, मी काय करू. गल्लीतल्या बाया म्हणतात, कामरेजला दुसरी केली. मला एवढंच सांगा भाऊ, ते गेटाबाहेर पडले का. पडले असतील तर गेले खड्ड्यात. पण नसतील पडले, तर..." तिचा हात कपाळाकडे गेला. "हे ठेवू की पुसू, ते तरी कळेल मला."

धुडकूने डिस्क जोडली. मूठ दातांत धरली. सुई आपटत होती, पण अजून जीव होता. अशा डिस्कशी घाई चालत नाही. जे सुखाने निघतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, खराब जागा सोडून पुढे जायचं, मग उलट फिरून त्या जागा पुन्हा पुन्हा चाचपायच्या. तीन तास गेले. सरलाबाई स्टुलावर बसून राहिली. चहा मागवला तो तिने बशीत ओतला आणि प्यायचा विसरली. गल्लीत इतकी शांतता, की पंख्याची करकर धुडकूच्या डाव्या कानालाही कळत होती.

दुपारी चित्र उमटलं. पडद्यावर त्या दिवशीच्या संध्याकाळचे सात. गेटातून एकेक जण आत शिरत होता. अकरावा चिंधा, हातात डबा.

"हेच," ती म्हणाली.

सकाळचे सात. माणसं बाहेर पडली. धुडकूने मोजली. दहा. त्याने मागे नेऊन पुन्हा मोजली. दहाच. पुढचा दिवस, त्याच्या पुढचा. दहा दिवसांनी डिस्क बिघडली होती, तोवरचं सगळं त्याने भराभर पळवून बघितलं. डोळे चुरचुरायला लागले. चिंधा कुठेच नव्हता.

"मागे दुसरं दार असेल, ताई."

"नाही हो. मी तिथेच चार वर्षं कांड्या भरल्यात. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या. आमचं लग्नही तिथेच जमलं. एकच गेट आहे." मग ती हळूच, घरच्या बोलीत, स्वतःशीच म्हणाली, "मझारच शेतस..."

म्हणजे आतच आहेत.

धुडकूने डिस्कची वायर काढून टेबलावर ठेवली आणि चकती थांबली का ते बघायला, निव्वळ सवयीने, मूठ दातांत धरली.

आत माग चालत होता.

खटाक्... खटाक्... खटाक्. डिस्कचा आवाज नव्हे. सोळा वर्षं ज्याने कान खाल्ले तो आवाज ओळखायला चुकणार थोडाच? मग माग थांबला. धागा तुटला की थांबतो तसा. गाठ मारायला लागतो तेवढा वेळ गेला. ठक्-ठक्, दोनदा कुणीतरी लाकडावर ठोकलं, आणि माग परत सुरू झाला. धुडकूने वायरीकडे बघितलं. ती टेबलावरच पडली होती.

"काय झालं, भाऊ?"

त्याने मान हलवली. पण तिने त्याचा चेहरा वाचला होता. तिने डिसमिस ओढून घेतलं, मूठ पदराला पुसली आणि दातांत धरली. बराच वेळ ती हलली नाही. डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून मुठीवर.

"गाठ मारली की दोनदा ठोकतात ते," ती म्हणाली. "सवयच आहे मेली."

आहे म्हणाली ती. होती नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं चौकीत गेले. साहेब चांगला होता, कारखाना उघडून बघितला. शेठने कधीच माग विकले होते. रिकामी शेड, फरशीवर तेलाचे डाग, बाकी काही नाही.

मग सरलाबाई दर सोमवारी यायला लागली. डिस्क तिने धुडकूकडेच ठेवली, कारण तिच्या खोलीला लागूनच माग, तिथे काय ऐकू येणार? यायची, तासभर ऐकायची, जायची. नवरा-बायको बोलत बसलेत आणि आपण मध्येच, असं धुडकूला वाटायचं. तो पाठ करून बसायचा. त्याला भीती वाटत होती आणि तिला नको म्हणायची हिंमतही नव्हती.

चौथ्या सोमवारी तिने मूठ दातांतून काढली.

"धोटा रिकामा फिरतोय, भाऊ. कांड्या संपल्यात वाटतं. भरून द्यायला कोण आहे तिथे?"

"ताई, घरी जा. झोप काढा जरा."

तिने कपाळाला बोट लावलं, का कोण जाणे, आणि त्याच बोटाने डिस्कच्या पत्र्यावर ठोकलं. ठक्-ठक्. धुडकूने झटकन मूठ दातांत घेतली. आत माग थांबला होता. पुन्हा सुरू होईना. कुणीतरी वाट बघत असावं.

"येते," सरलाबाई म्हणाली आणि उठली. किती तरी दिवसांनी ती हसली होती. धुडकूने पत्र्यावरचं कुंकू फडक्याने स्वच्छ पुसलं, डिस्क खणात ठेवली आणि किल्ली करगोट्याला बांधली. पुरे झालं, म्हणाला.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. धुडकू तिच्या खोलीवर जाऊन आला. कुलूप. शेजारीण म्हणाली, आठ दिवस झाले, वखारीतही नाही. कारखान्याच्या गेटाकडे जाताना कुणीतरी बघितली म्हणतात.

दुकानात परतून त्याने खण उघडला. नको नको म्हणत मूठ दातांत धरली. माग जोरात चालला होता. आणि त्याच्या मागे, बारीक, न तुटता... घुर्र... घुर्र... कांड्या भरायचं यंत्र.

त्याने डिसमिस काढून घेतलं, तेव्हा पत्र्याकडे लक्ष गेलं. जिथे तिने ठोकलं होतं तिथेच कुंकवाचं बोट उमटलं होतं. त्याने हात लावून बघितला. ते ताजं होतं.