खपली पडेपर्यंत

चौऱ्याहत्तर साली सिद्रामप्पा आमच्या बाळीवेशीतल्या गल्लीत देवी टोचायला यायचा. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत. पहिल्यांदा दारात आला तेव्हा मी नुकतीच न्हाऊन केस सोडून उभी होते. त्यानं माझं नाव विचारलं, ऐकलं, आणि पुन्हा तेच विचारलं… मी आत पळाले ती पुढच्या दोन्ही खेपांना बाहेर आलेच नाही.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, तिला सूट. बाकी गल्लीचे दंड टोचून झाले, उरले मी. चौथ्या खेपेला तो ओट्यावर बसूनच राहिला.

"सुईला भिता व्हय?"

"भीत न्हाय."

"मग वहीत काय लिहू – पळाली?"

अव्वा आतून डोळे वटारत होती. माझ्या कोपरात इसब होतं. त्यापायी दोन स्थळं मोडली होती, म्हणून बाहेर ब्र काढायचा नाही. पण हा माणूस उठेचना. वैतागून मी बाही वर केली. "हे बघा. लिहा आता."

तो ताडकन उठला आणि मागं सरत थेट रस्त्यात गेला.

दोन स्थळं मोडली तेव्हा मी रडले नव्हते. आता डोळे पुसत मी दार ओढलं.

"थांबा की," तो तिथूनच म्हणाला. "इसबवाल्यांना देवी टोचत न्हाईत. अन् मला परवाच टोचलीय, दंडावर फोड हाय. त्याचा संसर्ग झाला तर तुमच्या अंगभर उठंल. खपली पडेपर्यंत मी जवळ यायचं न्हाय."

"म्हणजे किती दिवस?"

"तीन आठवडे."

मी म्हटलं, मग तीन आठवडे येऊच नका.

आला. रोज संध्याकाळी, समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर. एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे ओरडूनच. खाज कमी हाय का, मलम लावलं का, आज केस का बांधले… अव्वानं सहा वर्षं झाकलेलं इसब यानं सहा दिवसांत गल्लीभर केलं. अव्वानं कपाळ धरलं. मी मात्र साडेपाचलाच दारात.

एका संध्याकाळी त्यानं काहीतरी हळूच विचारलं. तेवढ्यात टांगा आडवा गेला.

"ऐकू न्हाय आलं," मी म्हटलं. आलं होतं.

शेजारच्या अंबुबाई खिडकीतून वैतागून म्हणाल्या, "लगीन करतीस का, म्हणतोय गं. सांगून टाक एकदाचं, आमचे कान किटले."

मी डोळे मिटले आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं हो म्हटलं. किराणा दुकानदारानं ऐकलं, अंबुबाईंनी ऐकलं, आत अव्वाच्या हातून तांब्या पडला.

"काय म्हणालात?" तो एकटाच विचारत होता.