अकरा चाळीसची रेघ

ही गोष्ट खरी आहे.

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. कॉम्प्युटरमध्ये कुठं भूत असतं का, असं मीसुद्धा चारचौघांत बोलून बसले होते. आता बोलत नाही.

जिच्या बाबतीत हे घडलं ती पूनम, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कुंभारी येते. तिथं विडी कामगारांच्या घरकुलाजवळ तिचं सेवा केंद्र आहे. एक खोली, एक शटर, एक कॉम्प्युटर. आणि ही काही मध्यरात्रीची गोष्ट नाही. मागच्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. सकाळचे अकरा चाळीस. समोर भाजीवाला ओरडत होता, असल्या लख्ख उजेडात याची सुरुवात झाली.

नोव्हेंबर म्हणजे पूनमच्या डोक्याला ताप. पेन्शनवाल्या म्हाताऱ्या माणसांना या महिन्यात आपण जिवंत आहोत हे सरकारला दाखवावं लागतं. हयातीचा दाखला. आधार नंबर टाकायचा, मशीनवर अंगठा ठेवायचा, अंगठा जुळला की माणूस जिवंत. नाही जुळला तर पेन्शन बंद. समोर माणूस श्वास घेत उभा असला तरी बंद.

त्या गर्दीत पूनमचा कॉम्प्युटर सारखा अडकायचा. दोष मशीनचा की सरकारी साईटचा, काही कळेना. तिचा नवरा बसवेश शहरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला. त्याने एका रविवारी तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी काळी खिडकी बसवून दिली. कॉम्प्युटरवर किती ताण आहे, मेमरी किती भरली, इंटरनेट चालू आहे का, सगळं त्यात दिसायचं. एक हिरवी रेघ सतत पुढं सरकत राहायची. दवाखान्यात पेशंटच्या उशाशी असते ना, तशी. कुठला प्रोग्रॅम किती काम करतोय त्याचं नावही यायचं आणि दिवसभराची नोंद आपोआप साठायची.

"आता मशीन खोटं बोलू शकत न्हाय बघ," बसवेश म्हणाला.

पूनमला त्या रेघेचा नादच लागला. मशीन नुसतं बसलेलं असलं की ताणाची रेघ तीन टक्क्यांवर. साईट उघडली की वीस. आणि कुणी थंबच्या मशीनवर अंगठा ठेवला की थेट सत्तेचाळीस. मग परत खाली. दरवेळी सत्तेचाळीसच. मान वर न करता तिला कळायचं, अंगठा टेकला.

त्या आठवड्यात गंगम्मा रोज येत होती.

सत्तरी पार केलेली, पाठीतून वाकलेली. पन्नास वर्षं विड्या वळलेल्या. पेन्शन असूनही वळतच होती. सकाळी कारखान्यात विड्या देऊन, हातात कागदांची पिशवी घेऊन ती बरोबर अकरा चाळीसला पूनमच्या दारात उभी राहायची. अंगाला तंबाखूचा वास. पण तिचा अंगठा काही केल्या उठेना. पानं आणि दोरा हाताळून हाताळून बोटांवरच्या रेषाच पुसल्या होत्या. पूनमने खोबरेल तेल लावलं, ओल्या फडक्याने पुसलं. दहाच्या दहा बोटं लावून झाली. रेघ सत्तेचाळीसवर जायची, परत खाली यायची. जुळत नाही.

"पोरी, मी तर हितं हुबी हाय की," गंगम्मा म्हणायची. "ह्याला दिसंना व्हय?"

डोळ्यांवरून ओळख पटवायचं मशीनही पूनमकडे होतं. कपाटात. ते जोडायला दहा-पंधरा मिनिटं लागायची, म्हणून ते तिथंच पडून होतं.

आता तो शुक्रवार. त्या दिवशी माझ्या नातीचं बारसं होतं, सोलापुरात. मीच सकाळी पूनमला फोन करून दम दिला होता. बाराच्या आत निघाली नाहीस तर माझ्याशी बोलू नकोस म्हटलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण यात माझाही वाटा आहे आणि तो मला छळतो.

अकरा चाळीसला गंगम्मा आली. तारीख संपायला दोन दिवस राहिले होते.

पूनम पर्स घेऊन उभीच होती. बोलून गेली, "अव्वा, सर्व्हर डाऊन हाय. उद्या या."

"एकदा लावून तर बघ की."

"न्हाय लागणार. सगळीकडंच बंद हाय."

गंगम्माला वाचता येत नव्हतं. पण तिने कोपऱ्यातल्या खिडकीकडे बोट केलं. "मग ही रेघ कशी चालतीया?"

"ती मशीनची हाय, अव्वा. सर्व्हरची न्हाय. उद्या या म्हणलं ना."

उद्या आपण केंद्र उघडणार नाही, हे पूनमला ठाऊक होतं. बारसं झाल्यावर ती आणि बसवेश दोन दिवस माझ्याकडेच राहणार होते. मेन स्विच बंद करून, शटरला कुलूप लावून ती निघाली. आम्ही बारशाला खूप हसलो, जेवलो, फोटो काढले.

सोमवारी तिने केंद्र उघडलं. गर्दी ओसरली होती. पूनम एकटीच होती.

अकरा चाळीस झाले आणि...

रेघ सत्तेचाळीसवर गेली.

पूनमने मान वर केली. समोर कुणीच नव्हतं. थंबच्या मशीनची लाल काच मात्र पेटलेली होती.

रेघ खाली आली. परत वर. सत्तेचाळीस. परत खाली.

तिने मोजलं. दहा वेळा. मग काच विझली आणि रेघ तीनवर येऊन सरळ चालू लागली.

मशीन बिघडलं असेल म्हणून तिने सोडून दिलं. मंगळवारी पुन्हा तेच. अकरा चाळीस. दहा वेळा. संध्याकाळी तिने बसवेशला सांगितलं.

"अगं, सेन्सर गेला असंल," तो म्हणाला. "दुकानात नेतो मी." त्याने थंबचं मशीन वायरीसकट काढून बॅगेत टाकलं.

बुधवारी टेबलावर मशीनच नव्हतं.

पूनम घड्याळाकडे बघत बसली. अकरा अडतीस. एकोणचाळीस. तिला आधी वास आला... ओल्या तंबाखूचा.

सत्तेचाळीस.

खिडकीत सगळ्यात वर थंबच्या प्रोग्रॅमचं नाव आलं. जो अंगठा घ्यायला मशीनच नाही, तो अंगठा घेण्याचं काम चालू होतं. एक. दोन. तीन. मध्ये जेवढा वेळ एखादी म्हातारी बोट उचलून दुसरं बोट ठेवायला घेईल, तेवढाच वेळ जात होता.

दहावा झाला तेवढ्यात दारात कुणीतरी उभं राहिलं. पूनम खुर्चीतून उठलीच.

दारात चंद्रिका होती, गंगम्माची नात. वीस-बावीसची पोरगी, तीही विड्या वळते.

"ताई, मृत्यूचा दाखला काढायला काय काय कागदं लागत्यात?"

"कुणाचा?"

"आज्जीचा. शनवारी गेली की. तुमाला कळलं न्हाय?"

पूनमने टेबल घट्ट धरलं.

"शनवारी ती हितंच आली व्हती," चंद्रिका म्हणाली. "तुमी या म्हणला व्हता म्हणं. शटर बंद. मी म्हणलं घरला चल, तर ऐकंना. पोरगी येतीया म्हणाली. दोन वाजंपत्तुर ह्या पायरीवर बसली उन्हात. घरी येऊन पडली, ती उठलीच न्हाय."

चंद्रिकाच्या बोलण्यात राग नव्हता. पूनम म्हणते, राग असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री तिने बसवेशला अर्धंच सांगितलं. शुक्रवारी मी अंगठा लावून बघितला, तीनदा, सर्व्हर डाऊन होता, असंच सांगितलं. घाबरलेलं माणूस आधी स्वतःची कातडी वाचवतं. पूनम माझी आहे, तरी मी हे म्हणणार.

गुरुवारी सकाळी बसवेश दुकानाला दांडी मारून केंद्रावर आला आणि नोंदी उघडून बसला. आधी शुक्रवारची काढली. अकरा चाळीसला इंटरनेट व्यवस्थित चालू होतं. सरकारी साईटही बंद पडलेली नव्हती. आणि रेघ सरळ तीनवर, कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

तो बायकोकडे बघत राहिला. पूनम खाली बघत राहिली. पंधरा मिनिटांचं काम होतं, कपाटातलं मशीन काढलं असतं तर बाई वाचली असती, हे दोघांनाही कळत होतं.

मग बसवेशने पुढची नोंद उघडली आणि त्याचा हात माऊसवरून बाजूला झाला.

"पूनम... शुक्रवारी निघताना मेन स्विच तूच बंद केला व्हतास ना?"

"व्हय. शटर लावायच्या आधीच की."

"मग ही नोंद कशाची?"

शनिवारची नोंद असायलाच नको होती. वीजच नव्हती. पण ती होती. सकाळी अकरा चाळीसपासून दुपारी दोनपर्यंत. सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस... शेकडो वेळा. दोन वाजता रेघ तीनवर आली आणि नोंद संपली.

बसवेश साधा माणूस. देवळात जाईल, पण भूतखेत मानणार नाही. तो उठून बाहेर गेला आणि पायरीवर पाय न ठेवता, उडी मारून रस्त्यावर उतरला. हे पूनमने पाहिलं.

अकराला ती पुन्हा एकटी होती. तिने शटर अर्धं ओढलं. गंगम्माच्या आधारकार्डाची झेरॉक्स तिच्या फायलीत होती. तिने हयातीच्या दाखल्याचा फॉर्म उघडला, नंबर टाकला, नाव आलं. चुकीचं होतं का? होतं. पण तिला दुसरं काही सुचेना. ती म्हातारी ज्यासाठी येत होती ते तिला मिळालं की ती जाईल, एवढंच डोक्यात होतं.

अकरा चाळीस.

वास आला.

"अव्वा," पूनम म्हणाली. "आज सर्व्हर चालू हाय. लावा अंगठा."

सत्तेचाळीस. स्क्रीनवर आलं, जुळत नाही.

"दुसरं बोट लावा, अव्वा."

सत्तेचाळीस. जुळत नाही. तिसरं. चौथं. पूनम रडत रडत प्रत्येक बोटाचं नाव घेत होती. नऊ झाली. दहावं उरलं, डाव्या हाताची करंगळी.

रेघ वर गेली... आणि या वेळी खाली आलीच नाही. तिथंच थांबून राहिली. सगळ्या स्क्रीनवर हिरवी खूण उमटली.

जुळला. पेन्शनधारक हयात आहे.

"लागला, अव्वा! लागला तुमचा अंगठा!" पूनम ओरडली. "माझं चुकलं. जावा आता... पाया पडते, जावा."

तिने फॉर्म पुढं न पाठवता बंद केला. रेघ हळूहळू उतरली. तंबाखूचा वास गेला. बाहेर भाजीवाला ओरडत होता.

शुक्रवारी अकरा चाळीसला काहीच झालं नाही. शनिवारीही नाही. पूनमने मला फोन केला. दोघी पोटभर रडलो. सुटलो असं वाटलं.

सोमवारी बसवेश नवीन थंबचं मशीन घेऊन आला. नवीन मशीन जोडलं की आधी केंद्र चालवणाऱ्याचा अंगठा द्यावा लागतो. पूनमने ठेवला.

काहीच झालं नाही.

जुळत नाही, असंही आलं नाही. काच पेटलीच नाही. तिने कोपऱ्यात बघितलं. रेघ तीनवर. जणू मशीनवर कुणी बोट ठेवलेलंच नाही.

तिने पुसून ठेवला. दुसरा हात. दहाच्या दहा बोटं. तीन. तीन. तीन.

"सर बाजूला," बसवेश म्हणाला आणि त्याने स्वतःचा अंगठा टेकवला. सत्तेचाळीस.

पूनमने ठेवला. तीन.

आता याला पाच महिने झाले. बँकेत तिचा अंगठा चालत नाही, रेशनवर चालत नाही. तिचा मोबाईलही तिच्या बोटाने उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, कातडी चांगली आहे, रेषा स्पष्ट आहेत. केंद्र आता बसवेशच्या नावावर चालतं आणि पूनम नुसती बसून असते.

मागच्या रविवारी मी कुंभारीला गेले होते. पोरगी अर्धी झालीय. अकरा चाळीसला ती माझ्याशी बोलता बोलता उठली आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. मला वाटलं काही काम असेल. तिने पदराने उजवा अंगठा पुसला आणि मशीनवर ठेवला. मग पहिलं बोट. मग दुसरं. एकेक करून दहा. नजर कोपऱ्यातल्या रेघेवर. बसवेश दाराशी उभा राहून दुसरीकडे बघत होता. म्हणजे हे रोजचं होतं.

करंगळी झाल्यावर तिने हात माझ्यापुढे केला.

"मावशी, माझा हात धर की जरा," ती म्हणाली. "मी हाय ना गं हितं?"

मी तो हात दोन्ही हातांत धरला. ऊबदार होता. माझ्या पोरीचाच हात होता.

"आहेस की गं," मी म्हटलं.

पण ते म्हणताना मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. मी त्या रेघेकडे बघत होते.