वारसाच्या नावाची जागा

"या गावात भांड्याच्या बुडालासुद्धा नाव असतं ताई, आणि बाबांच्या खात्याला नाही?"

कर्टिसने हातातलं काचेचं भांडं ओट्यावर आदळलं आणि व्हर्नाच्या काळजात काहीतरी तडकलं... बाबांच्या दफनानंतर शेजारणींनी आणलेली बटाट्याची, नूडल्सची भांडी धुऊन, बुडाच्या चिकटपट्टीवरची नावं वाचत ती परत देण्यासाठी घरांप्रमाणे वेगळी करत होती. विस्कॉन्सिनच्या त्या कागदगिरणीच्या गावात दुःख असंच वाटून घेतलं जाई. पण धाकट्या भावाच्या डोळ्यांतला हा संशय ती कोणाला वाटून देणार होती?

कर सल्लागाराचा फोन नुकताच येऊन गेला होता. गिरणीतून निवृत्त होताना बाबांनी आयुष्याची पुंजी बँकेतल्या नव्या निवृत्तिखात्यात हलवली. जुन्या खात्यावरची वारसांची नावं आपोआप नव्यावर येतात, असं गिरणीतल्या बहुतेकांसारखं त्यांनाही वाटत होतं. ती येत नाहीत. बाबा गेले सत्तराव्या वर्षी, वारसाची जागा कोरी ठेवून. आता ते खातं कोर्टाच्या वाटेने, मृत्युपत्राप्रमाणे दोघांना निम्मं-निम्मं येणार होतं, आणि पाच वर्षांत रिकामं करावं लागणार होतं. नावं असती तर दहा वर्षं मिळाली असती! मिनियापोलिसमध्ये दातांचा दवाखाना चालवणाऱ्या कर्टिसच्या आधीच मोठ्या मिळकतीत खात्यातून काढलेली ही रक्कम मिळवली जाणार आणि तिचा मोठा लचका कराला जाणार.

"एका ओळीचं काम होतं," तो म्हणाला. "तू याच घरात राहत होतीस. की माझं नाव लागू नये म्हणूनच राहून गेलं?"

हॉस्पिटलातली नोकरी सोडून ती बाबांच्या उशाशी बसली होती, त्याचं कधी काही वाटलं नाही... पण हे! खरं एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती आणि तो कायमचा पोरका झाला असता. तिने पुढचं भांडं उचललं.

"पुरे झालं," टेबलापाशी कॉफी पीत बसलेली इर्मा आत्या कप बाजूला सारत म्हणाली. "मी होते त्या दिवशी बँकेत."

"आत्या, नको. तू शब्द दिला होतास."

"माझा भाऊ जिवंत असताना दिला होता. आता हा तुला चोर म्हणतोय आणि मी काय साखर ढवळत बसू?" ती कर्टिसकडे वळली. "बँकेतली मुलगी म्हणाली, नव्या खात्याला वारस नाही, नाव सांगा. तुझा बाप म्हणाला, फक्त व्हर्नाचं लिहा. कर्टिस आईला पुरून दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायला पळाला, त्याचं नाव नको. तर ही म्हणते, दोघांचं लिहा, नाहीतर कोरं ठेवा. जुन्या मृत्युपत्रात तुम्ही दोघं आहात, हे हिला पक्कं ठाऊक होतं. हट्टात बाप सवाई की लेक, देव जाणे. दोघं तशीच उठून आली."

कर्टिस खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. "म्हणजे सगळं तुझंच होतं... मी माझा हिस्सा सोडतो ताई. नऊ महिन्यांच्या आत तसं लिहून देता येतं. उद्याच देतो."

आणि आयुष्यभर सोसत आलेली व्हर्ना उसळली. तिचे गाल पेटले होते, डोळ्यांत विलक्षण तेज होतं.

"खबरदार. तू हक्क सोडलास तर बाबांचंच खरं होईल. मग मी त्यांच्याशी भांडले कशाला? ते शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत, ते कशासाठी सोसलं?"

"पण कराचा हा खड्डा, ताई... तुझ्यावरही पडणार तो."

"पडू दे. तू बाहेरचा ठरण्यापेक्षा तो स्वस्त आहे."

कर्टिसने तिचे ओले हात आपल्या हातांत घेतले. लहानपणी रडे तसाच तो रडू लागला, भरभरून, जणू इतक्या वर्षांचं साचलेलं ओझं वितळत होतं...

"घेतो," तो म्हणाला. "निम्मं घेतो, आणि कर भरतो. त्यांचा मुलगा म्हणून भरतो."