सहावा खिसा

सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे निघाल्या, तेव्हा गाडी दारात येऊन उभी राहिली तरी त्यांच्या सूचना संपत नव्हत्या. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी. गॅस वरून बंद करायचा. बाथरूमचा नळ घट्ट पिळायचा नाही, त्याचा वायसर गेलाय. सून प्रत्येक सूचनेला मान हलवत होती. लग्नाला तीन महिने झाले होते आणि मान हलवण्यात ती आता चांगलीच तरबेज झाली होती.

चपला घालता घालता सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"आणि दुपारी त्याच्या खोलीत बसत जा जरा. पंधरा मिनिटं. तो डबा चालू करायचा, गोल बटण दोनदा दाबायचं. मग ते वाजायला लागतं. ऐकायचं आणि बंद करायचं. बाकी कशाला हात लावू नकोस."

"हो आई."

"आणि बाहेर पडताना दार लाव."

"हो आई."

दाराचं काही नवीन नव्हतं. घरातल्या कुठल्याही दारातून कुणीही गेलं की सासूबाई आतून विचारायच्या, दार लावलंस ना?

'त्याची' खोली म्हणजे थोरल्या मुलाची. तो जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटचे आठ महिने त्याने त्या खोलीतच काढले, पोटाच्या दुखण्याने. सुनेने आपले हे मोठे दीर फक्त फोटोत पाहिले होते. खोलीत कॉट, जाड पाठीचा जुना टीव्ही आणि त्याखाली व्हिडिओ गेमचा काळा डबा. मोलकरणीलाही त्या डब्यावरची धूळ पुसायची परवानगी नव्हती. ते काम सासूबाई स्वतः करायच्या.

सून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. सकाळी सहापासून एकपर्यंत, उपाशीपोटी आलेल्या, वैतागलेल्या, हाताच्या शिरा लपवून बसलेल्या माणसांपुढे उभं राहायचं. घरी आली की तिच्या पायांना फक्त पलंग दिसायचा. त्या दिवशी मात्र ती आधी त्या खोलीत गेली, पडदे ओढले आणि गोल बटण दोनदा दाबलं.

पडद्यावर एक खोली आली. टेबलावर दिवा, भिंतीला एक दार, आणि दिव्यापाशी एक माणूस. एका हाताने पोट धरून उभा, किंचित वाकलेला, धापा टाकणारा. मागे मंद, गोल गोल फिरणारं संगीत. बाकी काही नाही. पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. तिला बसल्या बसल्या डुलकी लागली.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलं.

"दादाने शेवटचं तिथे सेव्ह केलंय," तो म्हणाला. "त्या गेममध्ये तेवढी एकच खोली अशी आहे की तिथे काही येत नाही. दादा आईला सांगायचा, या खोलीत मी सुरक्षित आहे बघ. आई ते धरून बसलीय."

"पण तो माणूस दुखण्यात उभा आहे."

"हं." त्याने ताटात बघितलं. "दादाला तो गेम का आवडायचा माहितीय? त्यात पळता येत नाही. वळायचं म्हटलं तरी कपाट सरकवल्यासारखं वळावं लागतं. बंदुकीच्या गोळ्या मोजून, औषध मोजून. मी म्हणायचो, काय हा रटाळ प्रकार! तो म्हणायचा, सगळं हळू आहे म्हणूनच खरं वाटतं."

तिसऱ्या दुपारी तिला ते बघवेना. चार वर्षं एक आई रोज या वाकलेल्या माणसाकडे बघत बसते. मोतीबिंदूच्या धुरकट डोळ्यांनी का होईना, पण बघतेच ना. एवढ्या मोठ्या खेळात त्याला द्यायला औषध नसेल? तिने रिमोट हातात घेतला.

गेम खरोखर वैताग होता. कुठल्याही दारातून गेलं की पडदा काळा व्हायचा आणि नुसतं एक दार कुरकुरत उघडायचं. तिने मोजलं, आठ सेकंद. दर वेळी आठ. मग मागे दार लागल्याचा धप्प आवाज, आणि पुढची खोली. खोल्यांमधली दारं म्हणजे भिंतीवरची चित्रं होती, ती कधी उघडी दिसायचीच नाहीत. तो माणूस मध्येच बोलायचा, आणि खाली येणारी अक्षरं कुणीतरी मांडीवर शब्दकोश घेऊन जुळवली असावीत. 'अरे देवा. हे तर एक दार आहे.' ती एकटीच हसली. फरशीवर रक्त सांडलं होतं, तेही टोमॅटोच्या रंगाचं. असं रक्त कुणाच्या अंगात नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आणि तो कॅमेरा. कधी छताच्या कोपऱ्यातून, कधी खुर्चीच्या पायाशी. नव्या सुनेकडे घर जसं बघतं तसा, कोपऱ्याकोपऱ्यातून. आपण चाललेलो आपल्याला दिसतो, पण पुढे काय आहे ते दिसत नाही.

मग तिला किल्ल्या ऐकू आल्या.

लांबून, पडद्याबाहेरून. कुणीतरी मोठा जुडगा कमरेला लावून चाललंय, सावकाश, घाई नसल्यासारखं. दिसत काहीच नव्हतं. नुसता आवाज, छण... छण... आणि मध्ये पावलांइतकी जागा. तिचा अंगठा थांबला. पायांचं दुखणं कुठल्या कुठे गेलं होतं. तिला एकदम मोठे दीर कळल्यासारखे वाटले. आठ महिने छताकडे बघत पडलेल्या माणसाला असं काहीतरी हवं असणार, ज्याच्या भीतीला निदान आवाज आहे आणि ज्याच्यापासून लपायला एक खोली आहे.

लांबलचक बोळाच्या टोकाला, खिडकीखाली, औषधाची बाटली होती. तिने बटण दाबलं.

'खिसे भरले आहेत.'

त्या माणसाला सहाच खिसे. बंदूक, चार गोळ्या, दोरी, कंदिलाचं तेल, काडेपेटी. तिच्यात एकच काडी उरली होती. दिवा पेटवला की खेळ सेव्ह व्हायचा, आणि पेटवायला काडी लागायची. सहाव्या खिशात एक किल्ली. 'दिव्याच्या खोलीची किल्ली.' खाली लिहिलं होतं, 'हिची आता गरज नाही. टाकून द्यायची?'

किल्ल्यांचा आवाज वळणापर्यंत आला होता.

लॅबमधला पहिला नियम हाच, की वापरून झालेली वस्तू ट्रेमध्ये ठेवायची नाही. सुई झाली, टाक. कापसाचा बोळा झाला, टाक. चार वर्षांत तिचा हात त्याला इतका सरावला होता की डोक्याला विचारायचाच नाही. दिव्याच्या खोलीचं कुलूप तर केव्हाच उघडलेलं होतं, आत्ताच ती त्यातून बाहेर आली होती. मेलं लोढणं कशाला वागवायचं?

तिने 'हो' दाबलं. किल्ली फरशीवर पडल्याचा बारीक आवाज आला. वळणापलीकडचा आवाज थांबला.

तिने बाटली उचलली आणि त्या माणसाला जमेल तसं, कपाट सरकवत, परत आणलं. आठ सेकंद. धप्प. संगीत. औषध दिल्यावर तो सरळ झाला, पोटावरचा हात खाली आला. तिने शेवटची काडी ओढून दिवा पेटवला. 'जुनी नोंद पुसली जाईल. चालेल?' चालेल तर! आई आल्या की बघतील, लेक ताठ उभा आहे. एवढ्या तीन महिन्यांत आपण या घरासाठी काहीतरी केलं असं तिला पहिल्यांदा वाटलं.

रात्री तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. औषधापर्यंत तो हसत ऐकत होता. किल्लीचं सांगितल्यावर त्याने घास खाली ठेवला.

"कुठे टाकलीस?"

"बोळात. का? तिची गरज नाही, असं त्यातच लिहून येतं."

"येतं. दादाने पहिल्या वेळी तशीच टाकली होती. मग त्याने सगळा गेम पहिल्यापासून खेळला. महिनाभर. तेव्हापासून एक खिसा वाया घालवून ती जवळ ठेवायचा."

"काय झालं होतं पहिल्या वेळी?"

"सांगितलं नाही त्याने. एवढंच म्हणाला की त्या जुडग्यात सगळ्या किल्ल्या आहेत, फक्त या खोलीची नाही."

"गेम आहे तो," ती म्हणाली.

"गेमच आहे."

दोघांनीही भाजी परत वाढून घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस ताठ उभा होता. फक्त दिव्याकडे नाही, दाराकडे तोंड करून. आपणच घाईत तसा ठेवला असेल, असं तिने ठरवलं. त्याच्या पुढच्या दुपारी संगीताच्या खालून दुसरं काहीतरी वाजत होतं. तिने टीव्हीला कान लावला आणि लगेच डबा बंद केला. मग ती त्या खोलीत गेलीच नाही. फोनवर सासूबाई विचारायच्या, "बसलीस का गं?" आणि ती म्हणायची, "हो आई." रक्त घेताना 'दुखणार नाही' म्हणते त्याच आवाजात.

आठव्या दिवशी सासूबाई आल्या. काळा चष्मा, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. पाणीसुद्धा न पिता सरळ त्याच्या खोलीत. ती मागोमाग गेली, पडदे ओढले आणि सतरंजीवर बसून गोल बटण दोनदा दाबलं. रिमोट खाली ठेवला.

सासूबाईंनी चष्मा काढला.

"अगोबाई, किती स्वच्छ दिसतंय! मला वाटायचं टीव्हीच धुरकट आहे." त्या पुढे सरकल्या. "सरळ उभा आहे गं. पोट धरलेलं नाही."

आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, हे तिला कळलं.

"मी त्यांना बाहेर नेलं होतं, आई. औषध होतं तिथे, ते दिलं. तुम्ही हात लावू नको म्हणाला होतात. चुकलं माझं."

ती बोलणी खायची वाट बघत राहिली. सासूबाईंनी तिच्याकडे न बघताच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं केलंस. चार वर्षं बघतेय मी. मला नसतं जमलं ते."

तीन महिन्यांचा शीण त्या हाताखाली उतरत गेला. तिला एकदम झोप यायला लागली, लहानपणी यायची तशी. आणि मग सासूबाईंनी नेहमीच्याच आवाजात, पडद्यावरची नजर न काढता विचारलं,

"परत आणताना दार लावलंस ना?"

"तिथली दारं आपोआप लागतात, आई. ती नुसती चित्रं असतात भिंतीवरची."

"हो का?" सासूबाईंनी बोट पडद्यापाशी नेलं. "मग हे गं?"

दिव्याच्या मागे, भिंतीवरचं दार चार बोटं उघडं होतं. फटीत काळं. तो माणूस तिकडेच बघत होता, आणि त्याचा हात हळूहळू पोटाकडे चालला होता.

तिने सवयीने मोजायला सुरुवात केली. एक... दोन... संगीत कधी थांबलं ते तिला कळलं नाही. सात... आठ... दार लागलं. धप्प आवाज आला. दिवा तसाच जळत होता. पडद्याच्या तळाशी एकेक अक्षर उमटायला लागलं: दिव्याच्या खोलीची किल्ली वापरली. हिची आता गरज नाही. टाकून द्यायची?

"काय लिहिलंय गं?" सासूबाईंनी विचारलं. "बारीक अक्षर अजून लागत नाही मला. वाच ना."

रिमोट खाली सतरंजीवर होता. दोघींचेही हात मांडीवर होते. प्रश्नाखालचा बाण थोडा वेळ 'नाही'वर थांबला, आणि मग सावकाश, काही घाई नसल्यासारखा, 'हो'वर गेला.