लाल तार पत्र्याला

"हात लावू नकोस त्याला. ...राहू दे तिथेच."

अण्णांचा आवाज असा थंड, परका होता, की कपाटावरून रेडिओ उतरवायला वर गेलेले ताईचे हात जागच्या जागी थिजले. गेली बावीस वर्षं लोकरी शालीत गुंडाळून ठेवलेला आईचा तो जुना ट्रान्झिस्टर... त्याच्यावरची धूळ पुसायचीही तिला मुभा नव्हती! डोळ्यांचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, कालच पट्टी निघाली होती, आणि जग पुन्हा स्वच्छ दिसू लागलेल्या अण्णांनी सकाळी उठल्या उठल्या पहिला हुकूम सोडला होता तो हाच रेडिओ दुरुस्त करण्याचा.

"बाळ्या काढेल. तू बाजूला हो."

ताई बाजूला झाली. बाजूला होण्याची तिला आता इतकी सवय झाली होती, की या घरातली एकही भिंत अशी नसेल जिला टेकून ती मुकाट्याने उभी राहिली नसेल.

आणि एके काळी? एके काळी खिडकीखालच्या याच टेबलापाशी स्टुलावर उशी ठेवून ती बसायची, नऊ वर्षांची, हातात पेचकस, आणि अण्णा गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे, "सेट उघडायचं काम माझं, दोष कानाने ओळखायचं काम हिचं!" गल्लीतल्या प्रत्येक घरातला रेडिओ कधी ना कधी त्या टेबलावर येऊन गेला होता. पहिल्याच दिवशी अण्णांनी तिला धडा दिला होता, "हे जुने सेट उलट्या काळजाचे असतात पोरी. नव्यात सेलची काळी तार आतल्या पत्र्याला, यात लाल. नव्याचा नियम याला लावलास, की संपलंच म्हणून समज." पाढे म्हणावेत तसं ती ते म्हणत असे. झोपेतसुद्धा!

मग आई अंथरुणाला खिळली. तिला दुसरं काही नको होतं, उशाशी आपला रेडिओ हवा होता, आणि तो खरखरत होता. तिच्या धाकट्या भावाला, चौदा वर्षांच्या बाळ्याला वाटलं, आपणच दुरुस्त करून आईला चकित करावं. पण महिनाभरापूर्वीच त्याने एका गिऱ्हाइकाचा सेट जाळला होता आणि अण्णांनी बजावलं होतं, "पुन्हा सेट उघडलास तर मामाकडे पाठवून देईन, कायमचा!" अण्णा बोलले की बोलले, त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तरीही त्याने तो उघडला. जळका वास आला. रेडिओ मुका झाला!

"मी काहीच नाही गं केलं ताई! एक तार चुकीची होती, ती फक्त नीट केली..." तो तिला घट्ट बिलगला. कुठली तार, हे ताईला तत्क्षणी कळलं. पण एवढ्याशा पोराच्या उरावर एवढा मोठा दगड कसा ठेवायचा? आणि आत आई क्षीण आवाजात रोज तेच सांगत होती, "त्याला अंतर देऊ नकोस गं..."

"मी उघडला होता, अण्णा," ताई म्हणाली होती.

त्यानंतर आई नऊ दिवस जगली. अण्णा तिच्या उशाशून हलले नाहीत, टेबलाकडे फिरकलेसुद्धा नाहीत. नऊही दिवस तिने विचारलं, "लागला का रेडिओ?" आणि दहाव्या दिवशी अण्णांनी तो सेट न उघडताच शालीत बांधला, आणि लेकीकडे न बघता म्हणाले, "माझ्या टेबलाला पुन्हा हात लावायचा नाही." झालं! ताई शिलाईच्या कारखान्यात कॉलर शिवू लागली, अण्णांची औषधं-पथ्यं सांभाळू लागली. आणि बाळ्या मोबाइलच्या दुकानाचा मालक झाला. तिच्यावर रागावणंसुद्धा अण्णांनी सोडून दिलं होतं. रागावायला माणूस आपलं लागतं ना...

आता बाळ्याने रेडिओ टेबलावर ठेवून मागचं झाकण काढलं. अण्णा भिंग घेऊन शेजारी आपल्या खुर्चीत बसले. ताईने मनोमन हात जोडले... देवा, जे बावीस वर्षं झाकलं ते आज उघडं पडू देऊ नकोस!

बाळ्याने मीटरच्या सुया इकडे तिकडे टेकवल्या आणि मनावरचं जुनं ओझं उतरल्यासारखा सुस्कारा टाकला. "सेलच्या तारा तर बरोबर आहेत अण्णा. काळी पत्र्याला, लाल पुढे. म्हणजे दोष दुसरीकडेच कुठेतरी."

अण्णांच्या हातातलं भिंग थांबलं.

"काय म्हणालास?"

"काळी पत्र्याला. बरोबरच आहे की!"

अण्णांनी वाकून त्या दोन तारा एकेक करून भिंगाखाली पाहिल्या. मग सावकाश मान वळवून, आज कितीतरी वर्षांनी, त्यांनी लेकीकडे सरळ पाहिलं.

"पोरी... जुन्या सेटची लाल तार कुठे जोडतात?"

एक शब्द, आणि तिचं गेलेलं सगळं परत मिळणार होतं! पण समोर बाळ्या बसला होता, कानशिलावर केस पिकलेला, तरी तिला अजून चौदाचाच दिसणारा...

"आठवत नाही, अण्णा."

"आठवत नाही? अगं, झोपेत बडबडायचीस तू ते! तुझी आई हसून हसून बेजार व्हायची!" अण्णांचा आवाज चिरकला. "ही तार तू बदलणं शक्य नाही. हात तोडला असतास, पण हे केलं नसतंस!"

बाळ्या दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"म्हणजे... जळला तो माझ्यामुळे? त्या तारेमुळे?" तो ताईकडे वळला. "तुला माहीत होतं? मी समजत होतो, सेट मरायलाच टेकला होता, तू नुसती माझी बोलणी खाल्लीस... ताई, आई विचारत होती गं! नऊ दिवस विचारत होती!" आणि तो धाय मोकलून रडू लागला.

ताईने धावत जाऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं. "वेड्या, आईसाठीच तर केलं होतंस तू..."

माफी मागायची अण्णांना कधी सवय नव्हती, आणि आता शिकायला वय उरलं नव्हतं. टेबलाचा आधार घेत ते उठले. त्या खुर्चीत त्यांच्याखेरीज कुणी बसल्याचं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ती मागे ओढली, बाळ्याने तापत ठेवलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं, आणि दांडा लेकीच्या दिशेने धरून नुसते उभे राहिले.

ताई बसली. दोन्ही तारा तिने सोडवल्या. आतले दोन छोटे भाग जळाले होते, तसे आता कुठे मिळतील, मिळतील तरी का, कोण जाणे. रेडिओ आज बोलणार नव्हता. तरी लाल तार तिने पत्र्याला टेकवली आणि कथिलाचा डाग दिला. कॉलर शिवून शिवून आखडलेली बोटं पूर्वीसारखी वळत नव्हती.

अण्णांनी वाकून भिंगातून पाहिलं. भुवया आक्रसल्या.

"कच्चा आहे. लाज नाही वाटत? हेच शिकवलं होतं मी तुला? पुन्हा दे!"

बावीस वर्षांनी ते तिच्यावर रागावले होते! ताईच्या डोळ्यांतून घळाघळा आसवं वाहू लागली, आणि त्या आसवांतूनच ती हसली.

"देते, अण्णा," ती म्हणाली, आणि तो डाग वितळवून तिने पुन्हा दिला.